अपघाताइतकीच जागा अहवालालाही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमान कोसळले की दुसऱ्या दिवशीचे पहिले पान त्या बातमीला जाते आणि ते योग्यच आहे. पण लगोलग एकच प्रश्न सगळीकडे घुमू लागतो : चूक कोणाची? अवशेष गोळा व्हायच्या आत वैमानिकाला दोषी ठरवून लोक मोकळे होतात. वर्ष-दोन वर्षांनी तपासाचा अंतिम अहवाल येतो, तेव्हा त्याला आतल्या पानावर एखादा कॉलम मिळाला तरी पुष्कळ. माझ्या मते प्रवाशांच्या जिवाशी जास्त संबंध या दुसऱ्या बातमीचा असतो. तिला तेवढे महत्त्व मिळावे, यासाठी हे पत्र.

अशा तपासाचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या १३व्या परिशिष्टात घालून दिले आहेत. तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा दायित्व ठरवणे हा नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ज्यांची माणसे गेली त्यांना हे वाचून राग येईल, आणि तो राग मी समजू शकतो. जबाबदार माणसाला शिक्षा व्हायला हवी असेल तर त्यासाठी न्यायालये आहेत. पण तपास अधिकाऱ्यासमोर बोलणाऱ्या मेकॅनिकला, नियंत्रकाला, वैमानिकाला आपलेच शब्द आपल्या गळ्याशी येतील अशी भीती असली, तर तो खरे सांगणार नाही, आणि तोच दोष दुसऱ्या विमानात तसाच राहील.

चिकाटीने केलेला तपास काय करू शकतो, याचे बोइंग ७३७च्या रडरइतके (रडर म्हणजे शेपटीवरची, विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणारी हलती फळी) ठसठशीत उदाहरण मला दुसरे माहीत नाही. मार्च १९९१मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे उतरण्याच्या बेतात असलेले युनायटेड एअरलाइन्सचे विमान अचानक एका अंगावर कलंडले आणि जमिनीत घुसले. २५ जण गेले. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पावणेदोन वर्षे तपास केला आणि कारण निश्चित करता आले नाही, असे अहवालात सरळ लिहिले. सप्टेंबर १९९४मध्ये पिट्सबर्गजवळ, चांगल्या हवामानात, यूएसएअरचे ७३७ तसेच उलटून कोसळले. १३२ मृत्यू. पुढच्या विमानामागे उठलेल्या भोवऱ्यात सापडून वैमानिकाने गोंधळाच्या भरात रडरचे चुकीचे पेडल दाबले असावे, हा तर्क तेव्हा जोरात होता. तपास करणाऱ्यांनी तो तपासून पाहिला, पण ते तिथे थांबले नाहीत. १९९६मध्ये रिचमंडजवळ ईस्टविंड कंपनीच्या ७३७ला तसाच हिसका बसला. सुदैवाने ते सुखरूप उतरले, त्यामुळे काय झाले ते सांगायला या वेळी वैमानिक हयात होते. दरम्यान प्रयोगशाळेत रडर हलवणारा व्हॉल्व्ह अतिशय थंड करून त्यात गरम हायड्रॉलिक तेल सोडून पाहिले, तर तो अडकला. आणि अडकल्यावर रडर वैमानिकाच्या आज्ञेच्या नेमके उलट दिशेला जाऊ शकते, हेही पुढे उघड झाले. डावे पेडल दाबावे आणि विमानाचे नाक उजवीकडे वळावे! पिट्सबर्गच्या अपघाताचा अहवाल यायला साडेचार वर्षे लागली. त्यानंतर ७३७ विमानांची रडरची नियंत्रण यंत्रणा नव्याने आखून बदलावी लागली. कोलोरॅडो स्प्रिंग्जचा अनुत्तरित अहवालही मंडळाने २००१मध्ये दुरुस्त करून पुन्हा काढला. ‘वैमानिकाची चूक’ म्हणून फाइल बंद केली असती, तर त्याच व्हॉल्व्हच्या भरवशावर विमाने उडत राहिली असती.

वैमानिकाची चूक खरोखरच असते तेव्हाही चांगला तपास तिथे संपत नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात दोन विमानांच्या टकरीत इतके बळी आजवर दुसऱ्यांदा गेलेले नाहीत. त्यांपैकी केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या कॅप्टनने परवानगी नसताना उड्डाणासाठी विमान दौडवले, हे निर्विवाद. पण तो त्या कंपनीतला अत्यंत अनुभवी प्रशिक्षक होता. समोरचे विमान धावपट्टीवरून हटले नाही का, असे फ्लाइट इंजिनिअरने विचारलेही होते. कॅप्टनने ठामपणे हटले म्हणून सांगितले आणि विषय तिथेच संपला. पुढच्याच वर्षी पोर्टलँडजवळ चाकांच्या बिघाडात गुंतलेल्या कॅप्टनच्या देखत युनायटेडच्या विमानाचे इंधन संपले. सहकाऱ्यांना इंधन उतरताना दिसत होते, पण ते पुरेशा जोराने बोलले नाहीत. कनिष्ठाने कसे ठासून बोलावे आणि वरिष्ठाने कसे ऐकून घ्यावे, याचे रीतसर प्रशिक्षण वैमानिकांना आज सक्तीने दिले जाते, ते अशा अहवालांमुळे. माणसाच्या स्वभावावर इलाज शोधणारा हा बदल मला कोणत्याही यंत्रापेक्षा मोठा वाटतो.

अर्थात अहवाल नुसता लिहून भागत नाही. जून १९७२मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचा मागचा सामानाचा दरवाजा कॅनडातल्या विंडसर शहरावर आकाशात उघडला. खालच्या कप्प्यातली हवा एकदम निघून गेल्याने प्रवाशांच्या पायाखालची जमीन खचली आणि तिच्याखालून जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा अडकल्या. तशा अवस्थेतही वैमानिकांनी विमान डेट्रॉइटला आणून उतरवले. ६७ पैकी एकही जीव गेला नाही. तपास यंत्रणेने नेमके निदान केले : दरवाजाचे कुलूप पूर्ण बसल्याशिवाय तो बंद होताच कामा नये, आणि दाब अचानक घटला तर हवेला वाट मिळावी म्हणून मधल्या जमिनीत झडपा ठेवाव्यात. परंतु अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने सक्तीचा आदेश काढला नाही. निर्मात्या कंपनीशी समजुतीने बोलून काम भागवले गेले. ३ मार्च १९७४ रोजी टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१०चा तोच दरवाजा पॅरिसजवळ उघडला. या विमानाच्या कागदपत्रांत सुधारणा केल्याची नोंद होती, प्रत्यक्षात ती पूर्ण झालेली नव्हती. ३४६ जण गेले. त्यानंतर सक्ती आली, आणि झडपांचा नियमही आला. उत्तर जवळपास वीस महिने आधीपासून टेबलावर पडून होते. मी हा घटनाक्रम जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला अपघातापेक्षा त्या वीस महिन्यांचा जास्त संताप येतो. २०१८च्या ऑक्टोबरात इंडोनेशियात आणि २०१९च्या मार्चमध्ये इथिओपियात ७३७ मॅक्स विमाने पडली. दोन्हींचे मिळून बळी ३४६च होते. तिथेही पहिल्या अपघातानंतर महिनाभरात आलेल्या प्राथमिक अहवालात सदोष सेन्सर आणि नाक खाली ढकलणारी यंत्रणा यांचा माग दिसत होता, पण विमान उडत राहिले.

सगळी माहिती अपघातातूनच मिळवावी लागते असेही नाही. १९७४च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येणारे टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचे विमान किती खाली उतरायचे याच्या गैरसमजातून डोंगरावर आदळले आणि ९२ जण गेले. त्याच मार्गावर सुमारे सहा आठवडे आधी युनायटेडचे विमान त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचले होते. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केले होते, पण इतरांपर्यंत ते पोहोचले नाही. म्हणून १९७६मध्ये नासाकडे एक व्यवस्था सोपवली गेली, जिथे वैमानिक स्वतःची चूक ओळख उघड न होता कळवू शकतात.

आयकाओच्या त्याच परिशिष्टात एक कलम आहे, ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. सुरक्षेची शिफारस ज्या देशाला पाठवली जाते, त्याने ९० दिवसांत उत्तर द्यायचे असते : काय केले, काय करणार, आणि काहीच करणार नसल्यास का नाही. तपास यंत्रणेला सक्ती करण्याचा अधिकार सहसा नसतो. म्हणून ९० दिवसांनी हा प्रश्न विचारणारे कोणीतरी बाहेर हवे, आणि ते काम वृत्तपत्राइतके कोणी नेटाने करू शकत नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. मोठ्या अपघाताचा अंतिम अहवाल आला की त्यातल्या शिफारशी सविस्तर छापाव्यात आणि प्रत्येकीसमोर ती अमलात आणण्याची जबाबदारी कोणाची आहे तेही लिहावे. ९० दिवसांनी त्या प्रत्येकाला उत्तर विचारावे. आणि वर्षभरात अंतिम अहवाल आलाच नाही, तर प्रत्येक वर्षदिनी तपासाच्या प्रगतीचे निवेदन काढणे याच नियमांनुसार अपेक्षित आहे. त्या दिवशी श्रद्धांजलीच्या छायाचित्राशेजारी ते निवेदनही छापावे, आणि निघाले नसेल तर ते का निघाले नाही, हेही विचारावे.

आपला,
एक नियमित वाचक