दाजी गेल्यावर

प्रिय सुन्या,

परवा दाजींचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. "आता पुढं काय, काही सुचत नाही," म्हणालास. फोनवर मला धड बोलता येईना, म्हणून लिहितोय.

तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते, चौदाव्या दिवशी तेच घर खायला उठतं. आक्काला खरी सोबत आता लागणार. महिना-दोन महिने रोज कुणीतरी जाऊन बसेल असं बघ. मावशी, वहिनी, शेजारच्या काकू, आळीपाळीनं. "देवाची मर्जी", "पोरांकडं बघून सावर" हे मात्र नको, ऐकून तिचे कान किटले असतील. दाजींच्या आठवणी खुशाल काढा. रडली तर रडू दे.

आत्या कुंकू-मंगळसूत्राचं बोलल्या, त्याचा मला रागच आला. हेरवाड तुमच्याच शिरोळ तालुक्यातलं ना? तिथल्या ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, आणि इतर गावांनीही तसं करावं म्हणून शासनानं पंधरवड्यात परिपत्रक काढलं. सांग आत्यांना. काय ठेवायचं, काय नाही, ते आक्का ठरवेल.

कागदपत्रं तू अंगावर घे. दाजी घरीच गेले, म्हणजे मृत्यूची नोंद आपल्यालाच करायची, तीही 21 दिवसांच्या आत. राहिली असेल तर आधी ते. दाखल्याच्या जास्तीच्या प्रती घे, जिथं तिथं मागतात. मग दाजींचं पासबुक भरून आण आणि मे-जूनच्या सुमारास 436 रुपये वजा झालेत का बघ. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता असतो, वारसाला 2 लाख मिळतात. खात्यातून परस्पर पैसे जातात, त्यामुळं कित्येक घरांत विमा होता हेच माहीत नसतं. पोरांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्जही करू, एका मुलामागं महिना 2250 रुपये आहेत.

मला खरी काळजी थोरलीची वाटते. एकदाही रडली नाही, आणि सगळे तिला "किती समजूतदार" म्हणतायत! तिच्या बाईंना शाळेत भेटून ये. तिची किंवा आक्काची झोप उडाली, जेवण जाईना, तर 14416 ला फोन लावून दे. टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, रात्री-अपरात्रीही, मराठीत बोलतात. "आम्हाला काय वेड लागलंय?" असं कुणी म्हणेल, म्हणू दे. पण जगण्यात राम नाही असं काही कानावर आलं, तर एकटं सोडू नका, थेट डॉक्टरांकडं न्या.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघतोय. सोमवारी बँकेत बरोबर येतो. पासबुक तेवढं शोधून ठेव, आणि जेवत जा रे.

तुझा,
दत्ता