दोन पोळ्या बिनतुपाच्या नेणाऱ्या ताईंना

सदाशिव पेठ, पुणे ३०

ताई,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. त्या सोमवारी संध्याकाळी तुम्ही मला जे दाखवलंत, ते माझ्या एकटीपाशी ठेवणं मला बरं वाटत नाही.

गणपती चार दिवसांवर आले होते. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेऊन घेऊन वही भरली होती. साडेसहाला तुम्ही रोजच्यासारख्या डबा न्यायला आलात, तेव्हा वजनकाट्याशेजारी माझं क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट पडलं होतं. मोबाइलवर बारीक दिसतं म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेलं, माझ्या नाहीत असं वाटलेल्या पाच नोंदींवर लाल पेनाने गोल. काय झालं म्हणून विचारलंत, तर मी आधी ‘काही नाही’ म्हणाले. घरात यजमानांना सांगितलं नव्हतं, मुलाला नाही. स्वतःच्या कष्टाने पोळी-भाजी केंद्र चालवणारी बाई, आणि पैसे कुठे गेले तेच तिला कळत नाही, हे कुणाला सांगायचं?

ताई, तुम्ही मला ‘ओटीपी दिलात का कुणाला?’ असं विचारलं नाहीत. नंतर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या प्रत्येकाने पहिलं तेच विचारलं. तुम्ही विचारलंत, ‘मेसेज कधी आला?’ त्या एका प्रश्नासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

कार्डावरून २३,६४० रुपये गेल्याचा मेसेज शनिवारी रात्री आला होता. मी तो वाचलाच नव्हता, हात पिठात होते. तुम्ही बोटांवर मोजलंत. मेसेज आला तो दिवस धरायचा नाही, रविवारी बँक बंद, म्हणजे आज कामाचा पहिला दिवस. मग रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक सांगितलंत. आपला हलगर्जीपणा नसेल, बाहेरच्या कुणी हे केलं असेल आणि आपण तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर आपल्यावर एक रुपयाचाही बोजा येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत झळ बसू शकते. पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डाला ती १०,००० रुपये आहे. त्यापुढे गेलं की बँकेचं धोरण असेल तसं. मी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसले.

फोनवर मी बँकेचा नंबर शोधायला लागले, तर तुम्ही माझा हात धरलात. नेटवर सापडेल तो नंबर बनावट असू शकतो, कार्डाच्या मागे छापलाय तोच लावा. कार्ड बंद झालं. तक्रारीचा नंबर, वेळ, पलीकडून बोलणाऱ्याचं नाव, सगळं तुम्ही माझ्याकडून उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलंत. मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, आणि रात्री मुलाला बसवून सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार.

पण मला खरं लिहायचंय ते त्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल.

मी म्हणत होते, पाचही नोंदी माझ्या नाहीत, पाचही लिहून देते. तुम्ही म्हणालात, थांबा. आणि माझी उधारीची वही मागितलीत. ‘यात मी कुठे आहे?’ मी पान काढून दिलं. तुमच्या नावाचा पत्ताच नव्हता. मी लिहिलं होतं, ‘दोन पोळ्या बिनतुपाच्या.’ त्याच्या वर ‘निळी स्कूटर’, खाली ‘तिसरा मजला काका’. तुम्ही म्हणालात, ‘हे पान मला दाखवलंत, तर मी शपथेवर सांगेन की माझी काहीच उधारी नाही. स्टेटमेंटवर दुकानदाराचंही असंच असतं. पाटीवर एक नाव, बँकेत दुसरं. आणि गाव छापलेलं असतं ते बऱ्याचदा कंपनीचं, दुकानाचं नाही.’

मग पेन्सिल घेऊन एकेक गोल. बेंगळुरूची कुठलीशी प्रायव्हेट लिमिटेड, ४,५०० रुपये. तारीख बघितल्यावर आठवलं, त्या दिवशी भाचीच्या क्लासची फी भरली होती. क्लास पुण्यातलाच, पैसे मात्र मधल्या पेमेंट कंपनीमार्फत जातात. दुसरी नोंद एका ट्रेडर्सची, २,८५० रुपये. गल्ल्यातल्या पावत्या उपसल्या, त्यात स्वाइप मशीनची चिठ्ठी निघाली, रक्कम पैशापर्यंत जुळली. रविवार पेठेतून आणलेली परात आणि दोन पातेली. तिसरी, मुलाने फुकटात चालू केलेल्या फोटो साठवायच्या ॲपची वर्षाची वर्गणी. पैसे कापण्याआधी २४ तास सूचना द्यावी लागते म्हणालात, आणि खरंच, तो मेसेजही फोनात होता. ती वर्गणी नको असेल तर बंद करा, पण ‘माझी नाही’ असं लिहू नका, असं सांगितलंत. एक नोंद आपली निघाली की उरलेल्यांवरही बँक विश्वास ठेवत नाही.

उरल्या दोन. एक अकरा दिवसांपूर्वीची, परदेशातली, फक्त एक डॉलरची. मी ती सोडून देणार होते. तुम्ही म्हणालात, कार्ड चालतं का हे आधी अशा चिल्लर रकमेने तपासतात आणि मग मोठा हात मारतात, म्हणून ती ओळ फॉर्मवर आलीच पाहिजे. दुसरी ती मोठी. तिच्याखाली परकीय चलनाचा आकार, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते शुल्क, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी अशा दोन वेगळ्या ओळी होत्या, मिळून ९७६ रुपये ३३ पैसे. मूळ रक्कम परत येते आणि हे तसंच राहून जातं, तेव्हा तेही नावानिशी मागा, हे तुमच्याशिवाय मला कोण सांगणार होतं?

बँकेच्या माणसाने फोनवर मला ऐकवलं की ओटीपी तुम्हीच दिला असणार. पूर्वीची मी असते तर रडून फोन ठेवला असता. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी सांगितलं, ओटीपी आलाच नाही, परदेशी वेबसाइटवर त्याच्याशिवायही पैसे जातात, आणि चूक माझी आहे हे सिद्ध करणं तुमचं काम आहे, तसं परिपत्रकात लिहिलंय. शाखेत अर्ज देऊन सही-शिक्क्याची पोच घेतली. कार्डावरचे परदेशी व्यवहार चालू-बंद करायचं बटण मुलाने एका परीक्षेची फी भरताना चालू केलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. मी त्याला रागावणार होते, तुम्ही नजरेनेच थांबवलंत. नवीन कार्ड आल्यावर त्याने स्वतः ते बंद करून मला दाखवलं.

बाकीचं बिल मुदतीआधी भरायला लावलंत, हेही फार बरं झालं. वाद चालू आहे म्हणून मी सगळंच थांबवणार होते, आणि मग माझ्या स्वतःच्या खरेदीवरच व्याज चढलं असतं. दहा कामाच्या दिवसांच्या आत रक्कम तात्पुरती जमा झाली. पुढच्या स्टेटमेंटवर मात्र वादातल्या रकमेवर व्याज लावलेलं निघालं. या वेळी पेन्सिल माझ्या हातात होती. फसवणूक म्हणून तक्रार केलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत आकार लावता येत नाही, असं मी स्वतः लिहून दिलं आणि ते व्याज निघालं.

जमा झाली त्या दिवशी मी पेढे आणले. तुम्ही अर्धाच घेतलात आणि म्हणालात, ही तात्पुरती जमा आहे, ९० दिवसांत निकाल द्यायला हवा, तोवर तक्रारीचा नंबर खोडू नका. डब्याचे पैसेही त्या दिवशी नेहमीसारखे मोजून ठेवलेत, मी कितीही नको म्हटलं तरी.

बँकेचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. सगळी रक्कम कायमची जमा, ते ९७६ रुपये ३३ पैसेसुद्धा. तरी मी थांबले. काल रात्री नवीन स्टेटमेंट छापून आणलं, एकेक ओळ पावत्यांशी ताडून पाहिली, आणि मग वहीच्या शेवटच्या पानावरच्या त्या नंबरावर पेन्सिलीने रेघ मारली.

तुमची,
पोळी-भाजी केंद्रवाली