विरजण घेऊन आलेल्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "असू द्या हो गुरुजी" म्हणता आणि तुरीचा भाव विचारता. म्हणून लिहून काढतोय. तेही सगळ्यांना वाचता येईल असं, कारण मी जे केलं तेच करायला आज कुणीतरी माशांच्या टाकीचा फिल्टर उघडून बादली घेऊन बसला असेल.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. समुद्री माशांची टाकी मांडली तेव्हा गावकरी म्हणाले, खारंच पाणी पाहिजे तर विकतचं मीठ कशाला? पण आपल्या जमिनीतले क्षार वेगळे आणि समुद्राचे वेगळे. म्हणून मी आरओ प्लँटवरचे जार आणतो, लिटरला साधारण ३५ ग्रॅम माशांच्या टाकीसाठीचं समुद्री मीठ विरघळवतो आणि घनता १.०२५ वर आली की मगच ते पाणी वापरतो. १२० लिटरची ही टाकी शाळेतल्या पोरांसाठी घरच्या बैठकीत ठेवली आहे. समुद्र पाहायचा तर बडनेऱ्याहून रात्रभर रेल्वेत बसावं लागतं आणि माझ्या वर्गातलं एकही पोर अजून बसलेलं नाही. दोन क्लाउनफिश आणि एक निळा डॅमसेल, एवढाच त्यांचा समुद्र.

दिवाळीच्या साफसफाईत मी कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीचं पाणी गाळणारा बंद डबा, उघडला. दोन वर्षांत सिरॅमिकच्या रिंगांवर तपकिरी गाळ बसला होता, पाण्याची धार मंदावली होती, नायट्रेट चढत होतं. मी सगळ्या रिंगा काढून अंगणात उन्हात टाकल्या आणि नव्या पांढऱ्याशुभ्र रिंगा भरल्या. स्पंज नळाखाली चोळून धुतला. आदल्याच दिवशी ग्रामपंचायतीनं गावच्या पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे जिवाणू मारणारं क्लोरीन, टाकली होती. संध्याकाळी काच, फिल्टर, पाणी सगळं लख्ख दिसत होतं. त्या रात्री मी समाधानानं झोपलो.

तिसऱ्या दिवशी मासे वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करत होते. कल्ले इतक्या घाईनं हलत होते की मोजता येईनात. अमोनियाच्या टेस्टमध्ये नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं, ते हिरवं झालं. जिथून मासे आणले होते त्या दुकानातल्या पोरानं तुमचा नंबर दिला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि आपली काहीही ओळख नव्हती. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "गुरुजी, अख्खं दही खाल्लं तुमी. इरजनापुरतंही नाई ठेवलं."

ज्याला मी घाण समजून उन्हात टाकलं, त्या तपकिरी थरातच ते जिवाणू होते. एक जात माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचं नायट्रेट. खाऱ्या पाण्यात नायट्राइट माशांना फारसं बाधत नाही, क्लोराइड त्याला अडवतं. अमोनियाचं मात्र उलट. समुद्री पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या वर, त्यात आपल्याकडची उष्णता, म्हणून तेवढाच अमोनिया इथे जास्त विषारी ठरतो. टाकीत भरपूर जिवंत खडक, म्हणजे जिवाणू वसलेले समुद्रातले सच्छिद्र दगड, असता तर त्यावरच्या जिवाणूंनी निभावून नेलं असतं. माझ्याकडे दोनच तुकडे. सगळा भार रिंगांवर होता आणि मी तो आधारच काढून घेतला होता.

"हरबऱ्याच्या मुयावरच्या गाठी पाह्यल्या नं? तशीच शेती हाय हे. एका दिवसात नाई उगवत," हे तुमचं वाक्य मी आता वर्गात सांगतो. पोरांना ते लगेच कळतं. प्रत्येकाच्या घरी बियाण्याला रायझोबियम, म्हणजे त्या गाठींतल्या जिवाणूंचं खत, चोळतात.

त्या रात्री तुम्ही सांगितलंत तसं केलं. माशांचं खाणं बंद केलं. रात्रभर मिठाचं पाणी ढवळत ठेवलं आणि पहाटे तापमान जुळवून ३० लिटर पाणी बदललं. तरीही मोठी क्लाउनफिश गेली. ती मादी होती. जोडीतला मोठा मासा मादी असतो हेही मला तुमच्याकडूनच कळलं.

आणि सकाळी पहिल्या एसटीनं तुम्ही अमरावतीहून आलात. मांडीवर पाच लिटरचा डबा, झाकणाला पाडलेल्या भोकातून आत गेलेली नळी, शर्टाच्या खिशात बॅटरीवरचा एअर पंप. डब्यात तुमच्या टाकीतल्या जुन्या रिंगा, त्याच पाण्यात बुडवलेल्या, चार जाळीच्या पिशव्यांत भरलेल्या. वाटभर पंप बंद पडू दिला नाहीत, कारण या जीवांना हवा लागते. चहासुद्धा घेतला नाहीत. एक रिंग माझ्या नाकाशी धरलीत आणि म्हणालात, वास घ्या. पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास होता. सडक्या अंड्याचा वास आला तर समजा मेले, म्हणालात. लाइन गेल्यावर बंद कॅनिस्टरमध्ये नेमकं तेच होतं, म्हणून बराच वेळ लाइन नसेल तर आतलं पाणी फेकल्याशिवाय फिल्टर सुरू करायचा नाही, हेही तेव्हाच सांगितलंत. आमच्याकडे लाइनचा जो कारभार आहे त्यात ही एक गोष्ट मला वर्षभर उपयोगी पडेल.

तुमच्या पिशव्या नव्या रिंगांशेजारी ठेवल्या. तुमच्या टाकीत कित्येक महिन्यांत नवा मासा नाही, रोग नाही, हे मी विचारायच्या आधीच तुम्ही सांगितलंत. पाचव्या दिवशी नळी पुन्हा पिवळी झाली. मी तिचा फोटो पाठवला. तुमचं उत्तर आलं, "आता चिमूटभर खाऊ घाला."

आता शिस्त लागली आहे. मीडिया, म्हणजे जिवाणू वसलेल्या रिंगा, बदलायचा तर एका वेळी पाव हिस्सा, मग सहा आठवडे हात लावायचा नाही. रिंगा धुवायच्या त्या टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, नुसत्या हिसळून. घासायच्या नाहीत. गाळ अडवणारा कापूस हवा तेव्हा बदलावा, पण त्याच दिवशी खडकाला किंवा वाळूला हात लावायचा नाही. त्यानंतर आठवडाभर एक दिवसाआड टेस्ट.

उरलेली छोटी क्लाउनफिश आता चांगलीच वाढली आहे. मादी गेली की नरच मादी होतो हे तुम्ही सांगितलं होतंत. पोरं रोज काचेला नाक लावून विचारतात, झाली का?

मागच्या रविवारी तुमची पहिली पिशवी काढली. आठवडाभर अमोनिया शून्य आहे. ती पिशवी बादलीत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून जिवंत ठेवली आहे, अधूनमधून बारीक खाण्याचा कण टाकतो. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर ती घेऊन मी अमरावतीला येतो, तुमच्याच डब्यात, पंप सुरू ठेवून. दुसऱ्या पिशवीत यंदाच्या तुरीची डाळ आहे. आईनं घरच्या जात्यावर भरडली आहे. तेव्हा तरी चहा घ्या.

आपला,
दर्यापूर तालुक्यातला एक शिक्षक