दूध कट्ट्यावरची शेअरपिंट

भावा,

पत्र मोठं आहे, दुपारचा चहा झाल्याशिवाय वाचायला घेऊ नको. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधीमधी बोलतोस आणि मला जे बोलायचंय ते राहूनच जातं. यावेळी ते राहून चालणार नाही.

परवाच्या शनिवारी मी कॉन्फरन्सला जाऊन आलो. हसू नको मर्दा, मीच, ज्याला तू एक्सेलचा पैलवान म्हणायचास तोच. शेअरपॉइंट आणि टीम्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ती ऑफिसच्या फायली-याद्या ठेवायची आणि चॅट करायची सॉफ्टवेअरं, ती वापरणाऱ्या लोकांनी मिळून घेतलेली, आणि पुण्यामुंबईत नाही, आपल्याच कोल्हापुरात, एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉलात. मला वाटलेलं सूटबूटवाले येणार, कायतरी गळ्यात मारणार आणि जाताना एक बॉलपेन देणार. तसलं काहीच नव्हतं. तिकीट नाही, बोलणारे स्वतःच्या खिशातनं खर्च करून आलेले, दोघं पुण्याचे, एक बेंगळुरूचा, आणि सकाळी खुर्च्या लावणारा पोरगा दुपारी बघतोय तर स्टेजवर माईक घेऊन उभा. ही पद्धत २००९ पासूनची म्हणे, अमेरिकेत शेअरपॉइंट सॅटर्डे नावानं सुरू झाली, शनिवार एवढ्यासाठीच की बाकीचे दिवस ज्याची त्याची नोकरी असते. नाष्ट्याला मिसळ होती. बेंगळुरूवाल्यानं पाव मागितला, आम्ही ब्रेडच्या स्लाइस पुढं केल्या, तो आमच्याकडं बघालाय आणि आम्ही त्याच्याकडं. पण मग तिसऱ्यांदा कट मागून घेतला गड्यानं, तेव्हा म्हटलं माणूस कामाचा आहे.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडनं लोक आलेले, इचलकरंजीचेपण. पहिलं सेशन एआयचं होतं, त्यातलं मला फारसं कळलं नाही आणि जे कळलं ते आपल्या कामाचं नव्हतं, सोड.

दुसरं मात्र आपल्यावरच होतं असं समज. आपल्या फाउंड्रीसाठी तू शेअरपॉइंटमध्ये केलेली हीट रजिस्टरची लिस्ट आठवते ना? दिवसाला १२ हीट, म्हणजे भट्टीत धातू वितळवायच्या १२ खेपा, प्रत्येकीचा धातू तपासल्याचा स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे वर्षाला साडेतीन हजार नोंदी. तू नोकरी सोडून गेलास आणि थोड्याच दिवसात आकडा ५,००० च्या वर गेला, फिल्टर लावला की एरर, सॉर्ट केलं की एरर. मग मी काय केलं असेल सांग. दर महिन्याला जुन्या नोंदी उचलायच्या आणि एक्सेलमध्ये टाकायच्या. एकदा ऑडिटला कस्टमरनं एक जुना हीट नंबर विचारला आणि मी रात्रभर एकवीस फायली उघडत बसलो, चहा तेवढा गार होत होता.

तर ते ५,००० काय भानगड आहे ते त्या पुण्याच्या बाईंनी असं सांगितलं की मला आपल्या स्टोअरकीपरची आठवण झाली. शेअरपॉइंटच्या खाली एसक्यूएल सर्व्हर नावाचा डेटाबेस असतो, तो ओळी वाचताना ओळीओळीला कुलूप लावतो, आणि कुलपं ५,००० च्या आसपास गेली की सरळ अख्ख्या टेबललाच एक कुलूप ठोकतो. स्टोअरवाला नाही का, एकेक कपाट बंद करायचा कंटाळा आला की मेन दाराला कुलूप घालून हिशोबाला बसतो, बाकीचे बाहेर बोंबलत. तसं होऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्टनं आधीच ५,००० ला दोरी बांधलेली. लिस्टमध्ये मावतात तीन कोटी नोंदी, फक्त सगळ्या एकदम मागायच्या नाहीत. तारखेच्या कॉलमला इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागं असते तसली सूची, लावायचा आणि लिस्ट ज्यातनं बघतो त्या व्ह्यूचा पहिला फिल्टर त्याच कॉलमवर ठेवायचा. झालं, एवढंच. इतके महिने मी पाट्या टाकल्या त्या एका इंडेक्सपायी.

हां, आणि तुझा तो गेटपासचा फॉर्म इन्फोपाथमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या त्या जुन्या फॉर्म बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे ना, त्याला १४ जुलै २०२६ ही शेवटची तारीख दिलीय, तो आता मलाच परत करायला लागणार.

जेवताना शेजारी एक काका होते, कसबा बावड्याचे, मुंबईत एका कंपनीत लोटस नोट्स, म्हणजे ऑफिसात मेल आणि कागद शेअर करायचं जुनं सॉफ्टवेअर, सांभाळून रिटायर झालेले. म्हणाले, तुम्हा पोरांना हे नवीन वाटतंय, नोट्स १९८९ ला आलं. १९९५ ला आयबीएमनं साडेतीन अब्ज डॉलरला लोटस कंपनीच विकत घेतली, आणि शेवटी २०१९ ला ते नोट्स आलं आपल्या एचसीएलकडं. ज्यानं नोट्स बनवलं तो रे ओझी स्वतः २००५ ला मायक्रोसॉफ्टमध्ये गेला. काकांचं म्हणणं, तेव्हाही लोक फाइल शेअर करायचे सोडून मेलला जोडून पाठवायचे आणि आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवतात. आपल्या कोअर शॉपचा ग्रुप आठवला मला, गप्प जिलेबी खाल्ली.

आता मुद्द्याचं सांगतो.

दुपारी त्या खुर्च्या लावणाऱ्या पोरानं विचारलं, टीम्सच्या चॅटमध्ये फाइल टाकली की ती जाते कुठं? हॉल गप्प. चॅनलमध्ये, म्हणजे टीमच्या सामायिक जागेत टाकली तर ती टीमच्या शेअरपॉइंट साइटवर जाते, ती सगळ्यांची. पण चॅटमध्ये टाकली तर ती ज्यानं टाकली त्याच्या स्वतःच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे क्लाऊडवरच्या त्याच्या खाजगी कपाटात बसते, बाकीच्यांना दिसते ती फक्त वाट. तो माणूस नोकरी सोडून गेला, त्याचं खातं डिलीट केलं, की सेटिंग बदललेलं नसेल तर ३० दिवसांनी त्याचं वनड्राइव्ह पुसायला जातं.

माझ्या हातापायातलं बळच गेलं रे.

पंप हाऊसिंगची ती २३ ड्रॉइंग्ज. तू मला चॅटमध्येच दिलेलीस, मीच म्हणालेलो टाक इथंच, पटकन सापडतात. तू गेल्यावर एका सोमवारी उघडायला गेलो तर एकपण उघडेना. मग उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्याकडं जुने लाकडी पॅटर्न नेऊन मापं घेऊन घेऊन सगळी परत काढली, महिना गेला, आणि त्या महिन्यात साहेबांसमोर मी बोललो की जाताना पुसून गेला असणार. हे मी बोललो भावा. दुसऱ्या कुणी नाही. २०१९ च्या पुरात हायवे पाण्याखाली गेला, सर्व्हर तिकडं शिरोलीत कोरडा आणि आपण इकडं अडकलेलो, तेव्हा ज्या माणसानं साहेबांच्या मागं लागून सगळं क्लाऊडवर नेलं त्याच्याबद्दल बोललो.

आणि अजून ऐक. त्या ३० दिवसांत मेल येतो, जाणाऱ्याच्या मॅनेजरला, की ह्याचं वनड्राइव्ह आता जाणार आहे, काय पाहिजे ते काढून घ्या. सोमवारी ऑफिसात आमच्या आयटीवाल्याला विचारलं, तुझ्या खात्यावर मॅनेजरची चौकट रिकामीच होती म्हणे. आणि ३० दिवस संपल्यावरसुद्धा ते अजून ९३ दिवस रिसायकल बिनसारखं पडून असतं, अ‍ॅडमिनला पॉवरशेलमधनं, म्हणजे कमांड टाइप करून, परत आणता येतं. म्हणजे मी तुला शिव्या घालत होतो तेव्हा तुझी ड्रॉइंग्ज तिथंच होती. कुणी मागितलीच नाहीत.

लगेच साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, मॅनेजर म्हणून नाव कुणाचं पाहिजे होतं? म्हटलं तुमचं. नंतर ते बराच वेळ डिस्पॅचचा कागद वाचत बसले.

शनिवारी संध्याकाळी सगळं आवरल्यावर पुण्याचा एकजण म्हणाला, आता शेअरपिंट पाहिजे. ह्या लोकांत कॉन्फरन्स संपली की सगळ्यांनी मिळून बिअरला बसायची रीत आहे, तिला शेअरपिंट म्हणतात. आम्ही त्यांना गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. समोर म्हैस, समोर धार, हातात फेसाळ ग्लास, बेंगळुरूवाला आधी म्हणतोय उकळलेलं नाही का, आणि मग दुसरा ग्लास मागतोय. तिथं उभ्या उभ्या मी ही ड्रॉइंगची गोष्ट त्यांना सांगितली आणि ते म्हणाले पुढच्या वेळी हेच स्टेजवर सांग, वीस मिनिटं. मी हो म्हणून बसलोय. इंग्लिश येत नाही म्हटलं तर म्हणाले मराठीतच सांग.

तर तू यायचंस, पहिल्या रांगेत बसायचंस. तुझं नाव घेऊ का नको ते आधी कळव.

आणि बारशाला आलो नाही ते ऑडिटमुळं नव्हतं, तुला तेव्हाच कळलं असणार. पोरीचं नाव काय ठेवलंस? मला अजून माहीत नाही.

तुझा,
एक्सेलचा पैलवान