लोकसभा त्रिशंकू झाली तर आधी कुणाला बोलवायचं, हे आत्ताच लिहून ठेवा

माननीय संसदीय कामकाज मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात शाळेत राज्यशास्त्र शिकवते आणि एकच मागणी घेऊन हे पत्र लिहितेय. लोकसभेत कुणालाच बहुमत मिळालं नाही तर राष्ट्रपतींनी सरकार बनवायला आधी कुणाला बोलवायचं आणि त्याने किती दिवसात बहुमत दाखवायचं, हे कुणालाही वाचता येईल असं कागदावर आणा, आणि २०२९ च्या निवडणुकीआधी आणा. आज हा नियम लिहिला तर त्याचा फायदा कुणाला होईल हे तुम्हालाही माहीत नाही आणि विरोधकांनाही नाही, म्हणूनच आत्ता. एकदा निकाल लागला की ज्याच्या हातात जो आकडा आहे त्याला तोच नियम बरोबर वाटणार.

२०२४ ला भाजपला २४० जागा मिळाल्या, बहुमताला लागतात २७२, पण निवडणुकीआधीच केलेल्या युतीकडे मिळून २९३ होत्या त्यामुळे प्रश्न आला नाही. समजा युतीलाच २५० मिळाल्या असत्या तर? माझ्या वर्गातली मुलं हेच विचारतात आणि मला त्यांना राज्यघटनेतलं कलम ७५ दाखवावं लागतं, ज्यात एवढंच आहे की पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतील आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असेल. त्रिशंकू लोकसभेत आधी सगळ्यात मोठा पक्ष की निवडणुकीनंतर जमलेली आघाडी, यावर एक ओळ नाही.

मग आजवर चाललं कसं, तर प्रत्येक राष्ट्रपतींनी आपल्या विवेकाने चालवलं. १९८९ ला काँग्रेस १९७ जागांवर आली तरी सगळ्यात मोठा पक्ष म्हणून व्यंकटरामन यांनी आधी राजीव गांधींना विचारलं, ते नाही म्हणाले, मग व्ही. पी. सिंग. १९९६ ला शंकरदयाळ शर्मा यांनी १६१ जागांच्या भाजपला बोलवलं, वाजपेयींचं सरकार तेरा दिवसात गेलं. १९९८ ला के. आर. नारायणन यांनी मात्र वाजपेयींना सांगितलं की आधी पाठिंब्याची पत्रं दाखवा, आणि मित्रपक्ष अण्णाद्रमुकच्या जयललितांचं पत्र येईपर्यंत सगळा देश टीव्हीसमोर बसून होता. यातला कुठलाच निर्णय वाईट हेतूने झाला असं मी म्हणत नाही, तिघेही अनुभवी आणि जबाबदार माणसं होती. पण दोन वर्षात कसोटीच बदलली आणि ती बदलतेय हे मतदाराला निकालानंतर कळलं, हे मला मान्य नाही. अहो आमच्या सोसायटीच्या कमिटीची निवडणूकसुद्धा छापील उपविधींप्रमाणे होते.

त्या काळात पुण्याने १९९६ ला सुरेश कलमाडी, १९९८ ला विठ्ठल तुपे आणि १९९९ ला प्रदीप रावत असे साडेतीन वर्षात तीन खासदार निवडून दिले. लोक प्रत्येक वेळी रांगेत उभे राहिले, आपलं काम केलं. पुढचं काम ज्यांचं होतं त्यांच्याकडे पद्धतच नव्हती.

नियम नसला की काय होतं हे महाराष्ट्राने तर २०१९ ला फार जवळून बघितलंय. २४ ऑक्टोबरला निकाल, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ ला देवेंद्र फडणवीसांचा पहाटेचा शपथविधी, २६ ला सुप्रीम कोर्टाने दुसऱ्याच दिवशी फ्लोअर टेस्ट, म्हणजे सभागृहात बहुमताची चाचणी, घ्यायला सांगितली आणि २६ लाच फडणवीसांचा राजीनामा. कुठल्या पक्षाला किती तास द्यायचे हे राजभवनात ठरत होतं आणि आमदार हॉटेलात होते. राज्यपालांसाठी निदान केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये क्रम सुचवून ठेवलाय, आधी निवडणूकपूर्व युती, मग इतरांचा पाठिंबा घेऊन दावा करणारा सगळ्यात मोठा पक्ष, मग निकालानंतरच्या आघाड्या. तो क्रम असून असं झालं कारण तो फक्त शिफारस आहे, बंधनकारक नाही. दिल्लीत उद्या हेच घडलं तर?

यावर उत्तर येईल की राष्ट्रपतींना मोकळीक हवी, सगळंच लिहून ठेवता येत नाही. मग शेजारच्या नेपाळकडे बघा. त्यांच्या घटनेच्या कलम ७६ मध्ये पायऱ्या आहेत, आधी बहुमतवाला पक्ष, नाही तर दोन किंवा जास्त पक्ष मिळून, तेही नाही जमलं तर मोठा पक्ष, आणि शेवटच्या दोन्ही पायऱ्यांवर आलेल्याने तीस दिवसात विश्वासमत घ्यायचं. तिथे घोडेबाजार थांबला का, नाही थांबला, २०२२ ला फक्त ३२ जागा असलेल्या पक्षाचे नेते पुष्पकमल दहाल ‘प्रचंड’ पंतप्रधान झाले. पण २०२१ मध्ये संसद विसर्जित केली गेली तेव्हा त्यांच्या सुप्रीम कोर्टाला त्याच कलमाचा आधार घेऊन ती परत आणता आली आणि नेपाळी काँग्रेसचे नेते शेरबहादूर देउबा यांना पंतप्रधान नेमा असा आदेश देता आला. लिहिलेलं असलं की कोर्टाकडे मोजायला पट्टी असते.

आणखी एक. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०, आणि पाडणाऱ्यांना पर्यायी सरकार काही देता आलं नाही. लोकसभा विसर्जित झाली, आणि कारगिलची लढाई या देशाने काळजीवाहू सरकार असताना लढली. जर्मनीत चॅन्सेलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला, अविश्वासाने काढायचं तर त्याच मतदानात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो, १९८२ ला हेल्मुट कोल असेच आले. आपल्याकडे न्यायमूर्ती व्यंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या घटना आढावा आयोगाने २००२ मध्ये याच दिशेने सुचवलं होतं, शिवाय त्रिशंकू स्थितीत सभागृहानेच आपला नेता मतदानाने निवडावा असंही. तो अहवाल सरकारकडेच आहे, तिथून सुरुवात करता येईल.

घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश लागतात आणि तेवढं एकमत आज होणार नाही हे मलाही समजतं. म्हणून पहिली पायरी छोटी ठेवा. येत्या अधिवेशनात सर्वपक्षीय बैठक बोलवा, बोलावण्याचा क्रम ठरवा, पाठिंब्याची पत्रं मिळतील त्याच दिवशी जाहीर होतील आणि शपथविधीनंतर सात दिवसात सभागृहात उघड मतदान होईल एवढं लिहून सगळ्या पक्षांच्या सह्या घ्या, आणि तो कागद राष्ट्रपती भवनाला देऊन जनतेसाठीही प्रसिद्ध करा. कुठला पक्ष सही करत नाही हेही त्यात छापा.

या पत्राची प्रत मी आमच्या खासदारांनाही पाठवतेय. बैठकीची तारीख कळवावी ही विनंती.

आपली,
पुण्यातली एक शिक्षिका आणि मतदार