'घट्ट' म्हणजे किती घट्ट?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यावर दुचाकी घसरून माझ्या धाकट्या भावाच्या मेंदूला मार लागला. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. अतिदक्षता विभागात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असे, ग्लासगो कोमा स्केलचा, म्हणजे पेशंट कितपत शुद्धीवर आहे त्याचा. 3 ते 15. आज 8, परवा 11. 1974 मध्ये आलेली ही मोजणी आज जगभर चालते. रात्रपाळीला नव्याने आलेल्या सिस्टरलाही पेशंट कुठवर आलाय ते लगेच कळायचं.

घरी आलो आणि प्रत्येकाची भाषा वेगळी झाली. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, गिळताना ठसका लागू नये म्हणून चहा-पाणी घट्ट करूनच द्या. डिस्चार्जच्या कागदावर 'नेहमीचा आहार'. ब्यूरोतून येणाऱ्या मावशींच्या मते घट्ट म्हणजे ताकाएवढं, आईच्या मते पेजेएवढं. एका सकाळी चहाच्या दुसऱ्याच घोटाला त्याला ठसका लागला, थांबेचना. चार दिवसांत न्यूमोनिया, पुन्हा अॅडमिट.

यालाही माप आहे, हे आम्हाला त्यानंतर कळलं. ठरलेल्या लांबीची 10 मिलीची सिरिंज सुईशिवाय भरायची, 10 सेकंद वाहू द्यायची आणि आत किती उरलं ते बघायचं. 4 ते 8 मिली उरलं तर घट्टपणाच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ती 'पातळी 2'. आई आता हे ओट्यापाशी उभी राहून करते.

खांद्याचंही तेच झालं. फिजिओथेरपिस्टनी बजावलं होतं, डाव्या हाताला धरून उठवू नका, सांधा निखळेल. रात्रीच्या मदतनिसाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. माणसं सगळी मनापासून काम करणारी, पण ती एकमेकांशी कधी बोललीच नाहीत. निरोप्या मी, तेही ऑफिसातून फोनवर.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या रुग्णालयांना, महापालिकांच्याही, माझी कळकळीची विनंती आहे. घरी सोडण्याआधी डॉक्टर, सगळे थेरपिस्ट आणि घरचे यांना अर्धा तास एकत्र बसवा. सगळ्यांची मिळून एकच फाइल द्या, मापं तीच वापरा. रोजची दहा कामं पेशंटला कितपत जमतात हे मोजायला 1965 पासूनचा बार्थेल निर्देशांक आहे. त्यात विसरणं, चिडणं येत नाही, त्याची नोंद वेगळी ठेवा. आणि शंका आली तर फोन कुणाला करायचा, ते एक नाव त्या फाइलवर लिहा.

सध्या भावाच्या पलंगाला मी शंभर पानी वही दोरीने बांधली आहे. पहिल्या पानावर: 'डावा हात ओढू नये. चहा पातळी 2.' ही वही आम्हाला पहिल्याच दिवशी रुग्णालयातून मिळायला हवी होती.

— एक बहीण, ठाणे