फाइलमधला तो शब्द

बाळा,

परवा तू फोनवर विचारलंस ना, बाबा हे हायपोस्पेडिअस काय आहे, माझ्या जुन्या फाइलीत लिहिलंय, आणि मी म्हटलं ऑफिसात आहे, नंतर सांगतो. ऑफिसात नव्हतो रे, घरीच होतो. 19 वर्षं हे नंतर नंतर चाललंय, म्हणून आता लिहूनच टाकतो, समोर बसून मला जमणार नाही.

तर गोष्ट अशी की लघवीचं छिद्र टोकाला असतं, ते तुझं जन्मतः खालच्या बाजूला होतं, टोकापासून जरासंच मागे. पुढची कातडी खालून अपुरी आणि वरून टोपीसारखी गोळा झालेली, आणि किंचित खाली वाक. पहिल्याच दिवशी नर्सच्या लक्षात आलं, मग डॉक्टरांनी नुसतं बघून सांगितलं, ना रक्त काढलं ना स्कॅन. दोन्ही वृषणं खाली उतरलीयत का ते मात्र हाताने नीट चाचपलं, कारण छिद्र फार मागे असेल आणि त्यात वृषणही उतरलेलं नसेल तर सोनोग्राफी, क्रोमोसोमची टेस्ट असं सगळं करावं लागतं. तुला नाही लागलं. एक गोष्ट मात्र बजावून सांगितली, कुणी काहीही म्हणो, सुंता करायची नाही, ती कातडी ऑपरेशनला कामाला येते.

कशामुळे झालं, हे आईने त्या दिवसापासून विचारायला घेतलं. कुठलं औषध घेतलं का, काही जड उचललं का. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं, पोटात साधारण 8 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान मूत्रनळी तयार होते, आधी ती उघडी पन्हळ असते आणि मग जॅकेटच्या चेनसारखी मागून पुढे मिटत येते, तुझी चेन टोकाच्या अलीकडे थांबली. त्या काळात पुरुष हार्मोनचं काम कुठे कमी पडलं किंवा बाळाची वाढ कमी असली तर होऊ शकतं, काही घरांत बापाला किंवा भावाला असतं, आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही. दोनतीनशे मुलांत एखाद्याला असतंच म्हणाले. आईचं समाधान झालं नाही, नातेवाइकांनीही होऊ दिलं नाही. गरोदरपणात हिने असं केलं तसं केलं, सगळे तिच्याकडेच बघत होते, आणि मी गप्प.

डॉक्टरांनी मला विचारलं होतं, तुम्हाला किंवा घरात कुणाला असं आहे का. मी ताबडतोब नाही म्हटलं. इतकं ताबडतोब की त्यांनी पुन्हा वर बघितलं. नंतर एकदा बाथरूममध्ये दार लावून नीट बघितलं तर माझंही छिद्र टोकापेक्षा थोडं खालीच आहे, फार नाही, धार सरळ जाते, कधी काही त्रास झाला नाही म्हणून तिशीपर्यंत मला पत्ताच नव्हता. डॉक्टरांना पुढच्या खेपेला सांगितलं. ते म्हणाले असे कितीतरी पुरुष असतात, कळतही नाही. पण आईला सांगितलं नाही. का, ते आजही मला धड सांगता येणार नाही.

ऑपरेशन तू 11 महिन्यांचा असताना झालं. 6 ते 18 महिन्यांत करतात, मूल मोठं झालं की आठवण राहते, धास्ती बसते. फाइलीत टीआयपी लिहिलंय ना, ती पद्धत 1994 मध्ये स्नॉडग्रास नावाच्या सर्जननी मांडली. आधी वाक सरळ करतात, मग त्या उघड्या पन्हळीला मधोमध उभी चीर देऊन ती रुंद करतात, बारीक नळीभोवती गुंडाळून शिवतात, आणि वरून त्याच जादा कातडीखालच्या मऊ थराचं अस्तर देतात म्हणजे टाक्यांतून गळू नये. छिद्र फार मागे असेल तर दोन टप्प्यांत करावं लागतं, तुझं एकातच.

नळी 7 दिवस होती. तुला दोन डायपर घालायचो, आतल्याला भोक पाडून नळी बाहेर काढायची आणि लघवी बाहेरच्यात ठिबकायची, शी आतल्यात. रात्री मी टॉर्च घेऊन बघायचो थेंब पडतोय का. पडला की झोपायचो. नळी काढल्यावर तू पहिली शू टेबलावरच केलीस, डॉक्टरांच्या बाहीवर, आणि आम्ही सगळे हसलो.

पण महिन्याभराने आईला दिसलं की धार दोन आहेत, एक पुढून आणि एक केसाएवढी खालून. फिस्टुला, म्हणजे शिवलेल्या नळीला पडलेलं जादा भोक. या ऑपरेशनमध्ये होतं असं कधीकधी, कुणाच्या हलगर्जीमुळेच होतं असं नाही, पण आई त्या रात्री पुन्हा स्वतःलाच बोलत होती, मीच डायपर घट्ट बांधला. कातडी पूर्ण मऊ व्हायला किमान 6 महिने थांबावं लागतं, ते थांबलो आणि मग ते भोक बंद केलं. खालची पुसट रेघ त्याची आहे.

आता तुझ्यापुरतं. धार बारीक झाली, जोर लावावा लागला, दोन फाटे फुटले किंवा वाक जाणवला तर सरळ युरोलॉजिस्टकडे जा, मला सांगितलं नाहीस तरी चालेल. लग्न, मूल यात तुझ्यासारख्या केसमध्ये सहसा काही अडत नाही. उद्या तुला मुलगा झाला तर मात्र जन्मल्याबरोबर बघून घ्यायला सांग, आणि डॉक्टरांनी घरात कुणाला आहे का विचारलं तर हो म्हण, मला आणि माझ्या बाबांना.

आईला काल सांगितलं मी. ती इस्त्री करत होती. काही बोलली नाही, झालेलाच शर्ट पुन्हा उलगडून इस्त्री केला. तू तिला फोन कर, जमलं तर आजच.

बाबा